भट्टी कुणी लिंपली?

१

मासेदोनिओ आकिनो आपल्या भट्टीच्या तोंडाशी मरून पडलाय, ही बातमी आली तेव्हा तिमोतेआ मक्याची पेज ढवळत होती. तिनं हातातली पळी सोडली नाही.

"पडलाय की पाडलाय?" तिनं विचारलं.

"ते तूच येऊन सांग," शेजारीण म्हणाली. "यंदा ते काम तुझ्याच गळ्यात आहे ना!"

होतंच. सान हासिंतोत गावसभा दर वर्षी कुणालातरी सिंदिको करते. भांडण, चोरी, मरण, काहीही झालं की आधी त्यानं जाऊन बघायचं. पगार नाही, आणि नाही म्हणायची सोयही नाही. उभा जन्म मडकी घोटून तिमोतेआचं मनगट कामातून गेलं होतं आणि ती पेज विकायला लागली होती. गावाला वाटलं, हिला वेळच वेळ आहे.

मासेदोनिओची भट्टी घरामागे जमिनीत खणलेली. वरून मडकी रचायची, खापऱ्यांनी झाकायची, आणि बाजूच्या खड्ड्यात उतरून खालच्या तोंडातून जाळ घालायचा. त्याच खड्ड्यात म्हातारा पालथा पडला होता. डोकं मागून फुटलेलं. कोपऱ्यात एक लाकूड होतं, त्याला रक्त आणि पांढरे केस चिकटले होते. भट्टी मात्र वरून आणि खालून नीट लिंपलेली होती आणि माती अजून गरम लागत होती.

"बिचाऱ्यानं भट्टी लिंपून हातावेगळी केली आणि मग घात झाला," जमलेली माणसं म्हणाली. लिंपलेली भट्टी डोळ्यांसमोर होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

ओआहाका शहरातून सरकारी माणूस आला. तरुण होता, सभ्य होता. त्यानं लाकूड पोत्यात बांधलं आणि तिमोतेआला बाजूला घेतलं.

"बाई, काल संध्याकाळी या घरात भांडण झालं. सून ओरडली, डोकं फोडीन म्हणून. सगळ्या गल्लीनं ऐकलं. आज सासऱ्याचं डोकं फुटलंय आणि सुनेच्या शालीला रक्त आहे."

"सकाळी तिनंच त्याला उचलायला बघितलं, साहेब. रक्त लागणारच."

"असेल. उद्या दुपारी मी गाडी घेऊन येतो. तोवर दुसरं काही सापडलं तर ऐकून घेईन. नाही सापडलं तर तिला नेईन."

त्यानं आवाज चढवला असता तर तिमोतेआ भांडली असती. तो शांतपणे बोलला म्हणून तिला जास्त भीती वाटली.

दुपारी बायकांनी मयताला अंघोळ घातली. तिमोतेआनं हात धुवायला घेतले. मुठी घट्ट वळलेल्या होत्या. कोमट पाणी ओतून तिनं एकेक बोट सोडवलं. तळव्यात काजळी होती, लाकडाची कुसळं होती, झाडाची चिकट राळ होती. तिनं काडीनं नखं कोरून पाहिली, मग दुसऱ्या हाताची पाहिली.

चिखल नव्हता. भट्टी लिंपणाऱ्या माणसाचे हात कोपरापर्यंत चिखलात बुडतात आणि नखांतला तो राखेचा चिखल पुढच्या रविवारपर्यंत निघत नाही. तिमोतेआनं तो हात मांडीवरून खाली ठेवला आणि अंगणापलीकडे पाहिलं.

म्हातारा मेला तेव्हा भट्टी उघडी होती. मग ती लिंपली कुणी?

२

निएवेसला पंचायतीच्या कोठीत कोंडलं होतं. तिचा नवरा उत्तरेला कामाला गेला तो परत आला नव्हता. मांडीवर तान्ही पोर दूध पीत होती.

"मावशी, डोकं फोडीन म्हणाले ते खरं आहे," ती म्हणाली. "पण ते तर मी रोजच म्हणते. रोज कुठे फुटलं?"

"काल कशावरून पेटलं?"

"दुसरं काय असणार? झिलई!"

सान हासिंतोत या एका शब्दावरून सोयरिका मोडल्या आहेत. कच्चं मडकं बायका गारगोटीनं घोट घोट घोटतात. भट्टीत जाळ पुरेसा झाला की लगेच तोंडं लिंपून टाकली, तर धूर आत कोंडतो आणि मडकं काळंभोर, तोंड दिसेल असं चकचकीत निघतं. पण ते पाझरतं. लिंपायच्या आधी जाळ आणखी बराच वेळ चालू ठेवला, तर झिलई मरते आणि मडकं राखाडी होतं. मात्र टिचकी मारली की खणखणीत वाजतं आणि आतली मेस्काल दारू थेंबभर गळत नाही. शहरातल्या लोकांना झिलई हवी असते. मासेदोनिओला पाणी धरणारं मडकं हवं असे, आणि त्याचा हट्ट म्हणजे सुंभ जळला तरी पीळ न जाणारा.

"मामंजी चौकात सगळ्यांदेखत म्हणाले, या खेपेला आख्खी भट्टी राखाडी काढणार," निएवेस सांगत होती. "गाढवावर लादून जास्तीचं लाकूड आणलं. म्हणे, पाणी धरत नाही ते मडकं कसलं, तो तर आरसा! पावसाळाभर मी ती मडकी घोटली, मावशी. बोटांची सालं निघाली. मग बोलू नको तर काय करू?"

"बोललीस, मग गेलीस कुठे?"

"आईकडे, नदीपलीकडे. सकाळी आले तर हे असं. आता आईची साक्ष कोण धरणार?"

"ते जास्तीचं लाकूड मला दिसलं नाही."

"जळलं असेल. मडकीही राखाडी झाली असतील. मला ती आता डोळ्यांसमोर नकोत." तिनं पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं. "मावशी, मला नेलं तर हिला पाजणार कोण?"

तिमोतेआनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. ती उठली, तशी निएवेस मागून म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. भट्टी रचताना मामंजींनी पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि मधोमध ठेवलं. मला बघू दिलं नाही. ते माझं नव्हतं."

३

रुतिलिओ हा चौकातला दुकानदार. चकचकीत माल शहरात धाडायचा आणि स्वतःही तसाच राहायचा. तिमोतेआ गेली तेव्हा तो गालाला फडकं बांधून बसला होता.

"दाढ," तो म्हणाला. "रात्रभर इथंच तळमळत होतो. बायकोला विचारा. शेजाऱ्यांनाही विचारा, त्यांनाही झोपू दिलं नाही."

"मासेदोनिओशी तुझं वाजलं होतं."

"कुणाचं नव्हतं वाजलं? मी त्याला सांगितलं, राखाडी काढलीस तर मी एक नग उचलणार नाही. तो म्हणाला, नको उचलू, तुझ्या कमरेला झेपणार नाही. म्हाताऱ्याच्या जिभेला हाड नव्हतं."

"भट्टी कधी लिंपायची हे तुला कळतं का रे?"

"मला?" दाढ विसरून तो हसला आणि लगेच कळवळला. "तिमोबाई, मला घरची चूल पेटवता येत नाही. जाळाचा रंग बघून वेळ ओळखणारे गावात उरलेत किती? मासेदोनिओ, त्याचा भाऊ, आणि सांताक्रूस वस्तीतले दोघं. तेही लग्नाला गेलेत, कालपासून गावात नाहीत."

तिमोतेआ तिथून मयताच्या घरी आली. ओटीवर शवपेटी ठेवली होती. अंगणात मोठ्या चुलीवर कॉफी उकळत होती आणि बायकांची कुरकुर चालली होती.

"तोंडात घालवत नाही! नुसती राळ!"

"भट्टीचं लाकूड चुलीत घातलं कोणी?"

"गाउदेन्सिओनं आणून टाकलं. भावाच्या मयताला म्हणून पाठीवर वाहून आणलंय. बायको गेलेल्या पुरुषाला चुलीतलं काय कळतं, जाऊ दे."

तिमोतेआनं कप तोंडाला लावला. पाइनची राळ जिभेवर चिकटली. हाच वास तिनं दुपारी मयताच्या तळव्यातून धुतला होता. राळेचं लाकूड भडकतं, धूर करतं आणि अन्न नासवतं. सान हासिंतोतला कुठलाही माणूस ते चुलीपाशी आणत नाही. आणि गाउदेन्सिओची स्वतःची भट्टी वर्षभर थंड होती. मग हे लाकूड त्याच्याकडे आलं कुठून?

तिनं कप खाली ठेवला.

४

गाउदेन्सिओ हा मासेदोनिओचा धाकटा भाऊ. त्याच्या थोरल्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिमोतेआनं धर्ममाता म्हणून हातावर घेतलं होतं. तेव्हापासून तो तिला कोमाद्रे म्हणे आणि ती त्याला कोंपाद्रे. हे नातं रक्ताच्या नात्याला मागे सारतं. त्याची बायको ओफेलिया आणि तिमोतेआ एका चटईवर बसून वर्षानुवर्षं घोटत आल्या होत्या. ओफेलिया गेली तेव्हा गाउदेन्सिओनं भट्टीला हात लावायचं सोडलं.

"पेटीवर घालायला ओफेलियाची पांढरी चादर दे," असं निमित्त काढून तिमोतेआ त्याच्या घरी गेली.

तो चादर काढायला पेटाऱ्याशी वाकला. उकाड्यानं भिंती घामेजल्या होत्या, तरी त्याच्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद होत्या. पेटाऱ्याचं झाकण त्यानं कोपरानं उचललं.

तिमोतेआनं कोनाड्याकडे पाहिलं. ओफेलियानं आजारपणात घोटलेली शेवटची घागर तिथं असायची. घागर घडवली मासेदोनिओनं आणि घोटली हिनं. अंथरुणावर बसून, दम लागला की थांबून, पुन्हा गारगोटी हातात घेऊन. ती कच्चीच राहिली होती. गाउदेन्सिओला ती आगीत घालायचा धीर होत नव्हता. आता कोनाड्यात धूळ होती, आणि धुळीच्या मधोमध एक स्वच्छ गोल.

"घागर कुठं गेली रे?"

"आत ठेवली," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "बघवत नाही, कोमाद्रे."

तिमोतेआनं चादर घेतली. दारात ती थांबली. "निएवेसला उद्या दुपारी नेणार आहेत."

"ऐकलं."

"तान्ही पोर आहे."

"देवाची इच्छा," गाउदेन्सिओ म्हणाला.

वाटेत तिनं चादर तोंडाशी धरली आणि ती रडली. तिला कळलं होतं. पण लाकूड, धूळ आणि बाह्या एवढ्यावर तो साहेब ऐकणार नव्हता. राळेचं लाकूड कुणाकडेही असतं, धूळ पुसता येते. आणि भट्टी उघडून उपयोग नव्हता. आतून झिलई निघाली, तर ज्या सुनेनं झिलईसाठी भांडण केलं तिच्याच गळ्यात फास आणखी आवळला जाणार होता.

उघडायच्या आधीच काहीतरी करायला हवं होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मासेदोनिओला पुरलं. दुपारी सरकारी गाडी घरासमोर उभी राहिली. निएवेसला पोरीसकट आणलं, रुतिलिओ गालाचं फडकं सावरत आला, गाउदेन्सिओ आला. निम्मं गाव भिंतीवर चढून बसलं होतं.

"साहेब, थोडा वेळ द्या," तिमोतेआ म्हणाली. "ही मासेदोनिओची शेवटची भट्टी. आख्खी राखाडी काढायची, असं तो चौकात बोलला होता. मेलेल्या माणसाचा शब्द आहे. एखाद्या घागरीत कसर राहिली असेल तर त्याच्या जिवाला चैन पडणार नाही. म्हणून उघडायच्या आधी या भट्टीला मी पुन्हा जाळ घालणार आहे."

भिंतीवर कुजबुज झाली. राखाडी मडक्याला पुन्हा आग दिली तर ते बिघडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हाताऱ्याच्या नावानं दोन काटक्या जास्त जळतील, एवढंच.

"निएवेस, तुझं काही म्हणणं?"

"घाला," निएवेस म्हणाली. "माझं घोटलेलं तर त्यांनी मारलंच आहे. मेलेल्याला आणखी काय मारणार?"

"रुतिलिओ?"

"राखाडी मालाचं काय वाटेल ते करा. मला घरी जाऊ द्या."

गाउदेन्सिओला तिनं विचारलंच नाही. ती खड्ड्यात उतरली. मयताच्या चुलीतून उरलेलं राळेचं लाकूड तिनं आणून ठेवलं होतं. खालच्या तोंडाचं लिंपण फोडायला तिनं पहार उचलली. पहिल्या घावाला माती तडकली. तिनं काडी ओढली आणि राळेच्या ढलपीला लावली. ढलपी भडकली.

"नको!"

गाउदेन्सिओनं वरून खड्ड्यात उडी घेतली. ढलपी तिच्या हातातून उडवली आणि भट्टीच्या तोंडाला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"नको, कोमाद्रे! झिलई जाईल!"

भिंतीवरची माणसं पुढे झुकली. पोर रडायला लागली.

"कसली झिलई, कोंपाद्रे?" तिमोतेआनं विचारलं.

६

तिमोतेआ साहेबाकडे वळली.

"साहेब, या अंगणातलं प्रत्येक माणूस समजतोय की आतली मडकी राखाडी आहेत. मासेदोनिओनं तसं सांगितलं होतं, आणि लिंपण त्यानंच केलं असं आम्ही सगळे धरून चाललो. पण त्याच्या नखांत चिखल नव्हता. अंघोळ घालणाऱ्या बायकांना विचारा. तो हातात लाकूड धरून मेला, जाळ घालता घालता. भट्टी दुसऱ्यानं लिंपली, आणि लवकर लिंपली. उरलेलं लाकूड तसंच राहिलं असतं तर भट्टी लवकर लिंपली हे कुणीही ओळखलं असतं, म्हणून ते पाठीवर वाहून मयताच्या चुलीत घातलं. गावानं ते कॉफीत प्यायलं. आत झिलई आहे हे फक्त लिंपणाऱ्यालाच माहीत असणार. सुनेला माहीत नव्हतं. पावसाळाभर घोटलेल्या मडक्यांना ती आग लावू देत होती."

"अंदाजानंही बोलला असेल," साहेब म्हणाला.

"असेल. बाह्या वर कर, कोंपाद्रे."

गाउदेन्सिओ हलला नाही. तिनंच बटणं सोडली. मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले होते, काही फुटले होते. भट्टी दोघं मिळून लिंपतात, हाताला ओली पोती बांधून. यानं एकट्यानं, उघड्या हातांनी, वाफेत हात घालून लिंपली होती.

"कोनाडा रिकामा दिसला," गाउदेन्सिओ खाली बसत म्हणाला. "तेव्हाच समजलो, दादानं उचलली. धावत आलो तर जाळाचा रंग अगदी पिकलेला. बरोबर वेळ. मी त्याच्या पाया पडलो. म्हटलं, दादा, आता लिंप, तिचा हात पुसू नको. तो म्हणाला, मेलेल्यांच्या वेदीवर तिच्यासाठी पाणी ठेवायला ही घागर मी भाजतोय. तहान लागेल तेव्हा ती काय आरसा चाटेल? आणि आणखी एक लाकूड उचललं. मी ते हिसकलं. पुढं हात कसा चालला मला कळलं नाही."

"आणि तू भट्टी लिंपलीस."

"वेळ निघून चालली होती, कोमाद्रे."

"तो जिवंत होता का?"

गाउदेन्सिओनं मातीकडे पाहिलं. "वर लिंपत होतो तेव्हा श्वास ऐकू येत होता," तो म्हणाला. "खाली लिंपायला उतरलो तेव्हा थांबला होता."

भिंतीवर कुणीतरी क्रूसाची खूण केली. तिमोतेआला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही तिच्यानं झालं नाही. मग पोरीचं रडणं कानावर आलं आणि तिचा राग जागा झाला.

"आणि या तान्हीच्या आईला जाऊ देणार होतास? देवाची इच्छा म्हणून?"

गाउदेन्सिओनं बाह्या खाली ओढल्या.

साहेबानं भट्टी उघडायला सांगितली. खापऱ्या दूर झाल्या. निएवेसची मडकी एकेक करून वर आली, काळी, लखलखीत, आणि ती ओठ दाबून बघत राहिली. मधोमध ओफेलियाची घागर होती. बाकी सगळ्या जणी गळ्याभोवती गोल गोल घोटतात. ओफेलिया वरून खाली घोटायची, आणि त्या उभ्या रेघा उन्हात स्पष्ट दिसत होत्या. काही रेघा मध्येच तुटल्या होत्या. तिथं तिला दम लागला होता. वर्षानुवर्षं चटईवर तिच्या शेजारी बसलेल्या तिमोतेआनं त्या मोजायचं टाळलं.

साहेबानं ती गाउदेन्सिओच्या हातात दिली. त्यानं ती उजेडाकडे फिरवून पाहिली, काठ पाहिला, बूड पाहिलं.

"तडा नाही," तो म्हणाला. मग त्यानं ती परत दिली आणि आपण होऊन गाडीत जाऊन बसला.

संध्याकाळी निएवेसनं घरातल्या वेदीवर ओफेलियाचा फोटो मासेदोनिओच्या फोटोशेजारी लावला. दोघांच्या मध्ये पांढऱ्या कापडावर ती घागर ठेवली आणि काठोकाठ पाणी भरलं. मेलेल्यांना लांबचा रस्ता चालायचा असतो, त्यांना तहान लागते.

सकाळी तिमोतेआ पेज घेऊन आली तेव्हा निएवेस पोरीला कडेवर घेऊन वेदीसमोर उभी होती. घागर तशीच झळकत होती. वाकून पाहिलं तर दोघींची तोंडं तिच्यात दिसत होती. खालचं कापड मात्र ओलं गच्च होतं, आणि फरशीवर पाणी दारापर्यंत ओघळलं होतं. तळाशी जेमतेम ओंजळभर उरलं होतं.

"मामंजी खरं बोलत होते, मावशी," निएवेस म्हणाली.

तिमोतेआनं पेज खाली ठेवली, कोपऱ्यातली बादली उचलली आणि घागर पुन्हा भरली.

"आता रोज भरावी लागणार," ती म्हणाली.